तीन बोल्ट

गाडी सुरूच होत नव्हती असं नाही. चावी फिरवली की एका हाकेत उठायची, घशातल्या घशात गुरगुरायची आणि शहाण्या मुलीसारखी गल्लीतून बाहेर पडायची. पण मोकळा रस्ता लागला, पाय खाली दाबला, की तीन मोजेपर्यंत उधळायची आणि चौथ्याला कुणी मागून पदर धरल्यासारखी अडखळायची. मग स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा, आणि घरापर्यंतचा रस्ता आजारी माणसाच्या चालीने. टर्नरला हे सगळं गॅलरीत उभ्या उभ्या ऐकू यायचं. मोठ्या रस्त्याच्या टोकाशी आवाज चढायचा, चढता चढता गळून पडायचा, आणि तो आत वळून बायकोला म्हणायचा, "आला गं तुझा शर्यतवीर. बसली याची शेळी."

आता ती गाडी आठ महिने ताडपत्रीखाली उभी होती, आणि शर्यतवीर या जगात नव्हता. गाडीने काही केलं नव्हतं त्याला. साधा ताप म्हणून अंथरुणाला टेकला, चौथ्या दिवशी दवाखान्यात गेला, आठव्या दिवशी संपला. टर्नरचा सत्तावीस वर्षांचा मुलगा. लहानपणी एका जागी म्हणून ठरत नसे, तेव्हापासून घरीदारी सगळे त्याला भिंगरी म्हणत. ती भिंगरी अशी थांबली की घरातल्या दोन माणसांना पुढे कितीतरी दिवस चालायचं कसं तेच आठवेना.

टर्नर चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. हाताखालून लाखभर नग गेले असतील. "एक नग परत आला नाही," हे तो सांगायचा आणि लोक मान्य करायचे, कारण ते खरं होतं. पण खऱ्या गोष्टीचा अभिमानही माणसाने कुठे वापरावा याला काही धरबंध असावा. भिंगरीने जुनी वेगवान गाडी घेतली, इंजिनला पेट्रोल देणारा मूळचा पंप काढून त्या जागी दुसऱ्या बनावटीचा जास्त ताकदीचा पंप स्वतःच्या हाताने बसवला, आणि तेव्हापासून गाडी धापा टाकायला लागली. टर्नरला आयतं खेळणं मिळालं. "मी चाळीस वर्षांत लाख नग दिले, तुझा एक पंप चालेना." भिंगरी हसायचा, "चालेल हो बाबा. रुसलाय जरा." शेवटी शेवटी तर घरी पाहुणे बसलेले असताना टर्नर सगळ्यांसमोर बोलून गेला, "याच्या हाताला यश नाही." दुसऱ्या दिवशी ताप आला.

ते वाक्य बायकोने ऐकलं होतं. तिने त्याचा उच्चार कधी केला नाही. पण आठ महिन्यांत तिने चहाचा कप त्याच्या हातात एकदाही दिला नव्हता. शेजारी ठेवायची आणि निघून जायची.

त्या रविवारी सकाळी मात्र ती कप ठेवून उभी राहिली.

"अहो, ती गाडी नाजूककडे न्या आज."

"विकायची म्हणतेस?"

"विका नाहीतर ठेवा. आधी काय बिघडलंय ते बघा." ती खिडकीकडे बघत बोलत होती. "त्याचं चुकलं होतं की नव्हतं, ते मला येऊन सांगा. चुकलं असेल तर तसंही सांगा. पण खरं सांगा."

टर्नरने मान हलवली. एवढं दोघांत कितीतरी दिवसांत बोलणं झालं नव्हतं.

नाजूक म्हणजे भिंगरीचा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याचं हे नाव ज्याने कुणी ठेवलं तो मोठा मिश्कील असला पाहिजे. बॉनेटखाली वाकला की गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा एक इंच बसायच्या. गॅरेज लहानसंच, पण हत्यारं भिंतीवर अशी टांगलेली की प्रत्येकामागे त्याची काळी आकृती रंगवलेली. एखादा पाना जागेवर नसला तर त्याची सावली ओरडून सांगायची. टर्नरला हे बघून बरं वाटलं. नीटनेटक्या माणसाच्या हाती काम द्यायला भीती वाटत नाही.

"काका, तुम्ही कशाला आलात? चावी पाठवायची, मी नेली असती गाडी."

"घरी बसून काय करू? इथे बसतो. तुझ्या मध्ये येणार नाही."

"माझ्या मध्ये यायला जागा तरी कुठे आहे?" पोटावर हात ठेवून नाजूक म्हणाला, आणि टर्नरला आठ महिन्यांत पहिल्यांदा हसू आल्यासारखं झालं.

नाजूकने लॅपटॉप जोडला, दोघे गाडीत बसून मोठ्या रस्त्याला एक फेरी मारून आले. तेच झालं. तीन मोजले, चौथ्याला शेपूट धरली. परत आल्यावर नाजूकने पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या.

"ही वरची बघा. एवढा दाब इंजिन मागतंय. आणि ही खालची, एवढा मिळतोय. पाय हलका असतो तोवर दोघी मैत्रिणीसारख्या गळ्यात गळा घालून चालतात. दाबला की वरची निघाली दोनशेला, आणि खालची एकशेवीसवर बसली फतकल मारून."

"म्हणजे पेट्रोल पोचत नाही."

"पोचतं, पण जोर नाही. यात पंप दोन असतात, काका. एक टाकीत. तो नुसता पाणक्या, पेट्रोल आणून देतो. दुसरा इंजिनवर बसलेला, हा भिंगरीने बदललेला. तो ते दाबून दाबून नळीत कोंबतो. आता दोघांत कामचुकार कोण, ते शोधायचं."

टर्नर स्टुलावर बसला आणि बघू लागला. नाजूकने टाकीकडून येणाऱ्या नळीवर काट्याचं मीटर लावलं, इंजिन चढवलं. काटा जागचा हलला नाही. पाणक्या प्रामाणिक निघाला. मग त्याने गाळणी उघडली, स्वच्छ होती, तरी नवी बसवली. मग दाब मोजणारा सेन्सर काढून आपल्या कपाटातला, खात्रीचा, लावून पाहिला. रेघा तशाच. तेलाची कांडी काढून नाकाशी धरली, टर्नरच्याही नाकाशी धरली. पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे पंपाचं सील फुटून पेट्रोल तेलात उतरत नव्हतं. मग वायरींचं एकेक टोक तपासलं. पंपाच्या झडपेला हुकूम देणारी वायर तर त्याने दोनदा तपासली. मग पुन्हा लॅपटॉप उघडून, भिंगरीने नव्या पंपासाठी इंजिनाच्या संगणकात भरलेले आकडे वाचत बसला.

"यात काही गडबड?"

"छे. रेशमासारखं काम केलंय. मला नसतं जमलं इतकं."

टर्नरने ते वाक्य मनातल्या मनात जपून ठेवलं, बायकोला सांगायला. पण एक वाक्य म्हणजे काही निकाल नव्हे. दुपारचे दोन वाजले. गाडीचं अर्धं पोट उघडं पडलं होतं, आणि नाजूक आता मागची सीट काढून टाकीचं झाकण उघडायच्या तयारीला लागला होता.

टर्नर उठला. बॉनेटपाशी जाऊन उभा राहिला. इंजिनच्या डोक्यावर, एका टोकाला, तो पंप बसला होता. मुठीएवढा, तीन बोल्टांनी आवळलेला. सकाळपासून नाजूकचा हात त्याच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, खालून गेला. त्या तीन बोल्टांना मात्र त्याने पाना लावला नव्हता.

"नाजूक, इकडे ये."

"काय काका?"

"हा पंप चालतो कशावर?"

"कॅमवर. इंजिनचा जो दांडा फिरतो, त्याला इथे उंचवटे आहेत. ते खालून पंपाच्या दट्ट्याला ढुशा देतात."

"दांडा सरळ दट्ट्यावर घासतो?"

नाजूकने हात पुसायला फडकं घेतलं. हात काही फार मळले नव्हते. "नाही. मध्ये एक वाटी असते. फॉलोअर म्हणतात. ढुशी ती खाते."

"म्हणजे धातूवर धातू घासतो तो इथे. या सबंध पसाऱ्यात इथेच." टर्नरचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी गाडीतला नाही, पण घासणाऱ्या जागेतला आहे. शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्यांदा इथे बघायचं कळेल. तीन बोल्टांचं काम. आणि तू सकाळपासून सीट उपटतोयस. कुठे पाणी मुरतंय?"

"काका, ते उद्या बघू. इंजिन गरम आहे, नळीत दाब असतो, पेट्रोल उडतं."

"मग दाब सोड."

"उद्या..."

"तुझ्याच्याने होत नसेल तर पाना इकडे दे."

नाजूकने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग त्याने टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढला, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, नळीच्या सांध्याला फडकं गुंडाळून हळूच ढिली केली. चार थेंब आले. मग खालून इंजिन पान्याने फिरवत फिरवत, कॅमचा उंचवटा दट्ट्यापासून दूर जाईल असा आणला आणि मुकाट्याने पाना टर्नरच्या हातात दिला.

तीन बोल्ट. टर्नरने ते थोडे थोडे, आळीपाळीने सोडले, पंप तिरका होऊ नये म्हणून. देवाने त्या वेळी त्या हातांना जरा कंप दिला असता तर बरं झालं असतं, बघणाऱ्याला दया तरी करता आली असती. पण हात स्थिर होते, चाळीस वर्षांची सवय होती त्यांना. पंप उचलला. खालच्या विहिरीतून चुंबकाच्या काडीने वाटी वर घेतली. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढी पोलादी वाटी. तिच्या तळाला, जिथे कॅमची ढुशी बसते तिथे, बोट रुतेल असा खळगा पडला होता.

पण टर्नर खळग्याकडे बघतच नव्हता. तो कडेकडे बघत होता. जिथे झीज पोचली नव्हती तिथे वाटी आरशासारखी चकाकत होती, आणि तिची धारदार कड कुणीतरी मायेने, हाताला लागू नये म्हणून, केसाएवढी घासून मोडली होती. अशी कड मोडायची सवय त्या सबंध कारखान्यात एकाच माणसाला होती. साहेब म्हणायचे, नकाशात नाही ते कशाला करतोस? तो म्हणायचा, लावणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून.

त्याला सगळं आठवलं. नोकरीचा शेवटचा महिना होता. भिंगरी दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन आला होता, खिशातून ही वाटी काढून म्हणाला, "बाबा, बघा हो, ही पुन्हा लावली तर चालेल का?" वाटीचा तळ काळा होता, मधोमध एक फिकट वलय. टर्नरने काळं बघितलं आणि त्याच्या डोक्यात काजळी आली. आयुष्यभर त्याला मळकट धातू सहन झाला नाही. "चालेल की. घाणीने भरलीय नुसती. थांब." पाच मिनिटांचं काम. लेथला धरली, आधी जाड कागद, मग बारीक, मग पेस्ट. काळं सगळं उतरवून हिऱ्यासारखी करून दिली. पोरगा ती तळहातावर घेऊन हसला होता. टर्नर विसरून गेला. असली पाच पाच मिनिटांची कामं कोण लक्षात ठेवतो?

"ते काळं," त्याने विचारलं, "ती काजळी नव्हती का रे?"

नाजूकने मान हलवली. "नाही, काका. तो कारखान्यात चढवलेला थर असतो. काचेसारखा कडक. त्यावरच सगळा खेळ. तो गेला की खालचं पोलाद मऊ. त्यात या नव्या पंपाची स्प्रिंग दांडगी, मूळच्यापेक्षा दुप्पट जोराने दाबणारी. खाल्ली तिने. वाटी खचली तसा दट्ट्या पूर्ण हलेना, आणि दाब पडला."

"कॅम?"

"कॅम वाचलाय. नख फिरवून बघा." टर्नरने नख फिरवलं. गुळगुळीत होता.

टर्नरने वाटी फडक्याने पुसून काढली. 

"तुला माहीत होतं," टर्नर म्हणाला.

"हो."

"त्याला?"

नाजूक स्टुलावर बसला. स्टूल करकरलं. "पंप बसवून तीनेक महिने झाले असतील. आम्ही दोघांनी इथेच उघडला होता. त्याने वाटी बघितली आणि लगेच ओळखलं. मी म्हटलं, अरे, नवी आणू, दहा मिनिटांत प्रश्न मिटेल. नवी आणलीही त्याने. मग जुनी हातात घेऊन बसला आणि म्हणाला, नको, हीच टाक परत. मी शिव्या घातल्या त्याला, काका. खोटं कशाला बोलू. आता गाडी जपून चालवीन म्हणाला, आणि जास्त नाही चालवली नंतर. जोर बघायला म्हणून आठवड्याला एखादी फेरी."

"पण का?"

नाजूक खाली बघत होता. "म्हणाला, बाबा सांगतात चाळीस वर्षांत एक नग परत आला नाही. आणि नाही आलेला खरंच. आता कुठे निवृत्त होऊन घरी बसलेत, तेवढ्या एका गोष्टीवर बसलेत. पहिला नग माझ्या गाडीतून परत जायला नको. जरा वर्ष जाऊ दे, मग गुपचूप बदलू. कळणारही नाही त्यांना."

टर्नरच्या हातातली वाटी अजून कोमट होती.

"मी त्याला रोज बोलायचो," तो म्हणाला.

"माहीत आहे. इथे येऊन तुमची नक्कल करायचा. शेळी बसली, शेळी बसली, म्हणून. हसून हसून मुरकुंडी वळायची आमची." नाजूकने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "राग नव्हता हो त्याला. शपथेवर सांगतो. सकाळपासून मी मनात देवाला म्हणत होतो, टाकीत काहीतरी निघू दे, वायर तुटलेली निघू दे. म्हटलं तेच दाखवू, आणि ही वाटी मागाहून एकटा बदलून टाकू."

"तू त्याचाच दोस्त."

"हो ना."

माणसाला शिव्या खाव्याशा वाटतात आणि द्यायला कुणी नसतं, अशी ती वेळ होती. टर्नरला वाटलं, या अगडबंब पोराने उठून आपल्याला चार शब्द सुनवावेत. नाजूकने उठून कपाट उघडलं आणि भिंगरीने आणलेलं ते बंद पाकीट समोर ठेवलं. आत नवी वाटी, तळाला काळी, निस्तेज, जराही न चमकणारी. टर्नरने ती उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली. इतकं कुरूप दिसणारं चोख काम त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"लाव," तो म्हणाला.

"तुम्ही लावा."

"नाही. तू लाव. माझा हात नको त्याला."

नाजूकने वाटीला तेल चोळलं, विहिरीत सोडली, पंप ठेवला, तिन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले. नळी जोडली, फ्यूज परत लावला आणि सांध्याभोवती फडकं फिरवून गळती बघितली. मग चावी पुढे केली. टर्नर गाडीत बसला, शेजारी नाजूक. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने पाय खाली दाबला. तीन मोजले. चौथ्याला गाडी थांबली नाही. पाचव्याला, सहाव्यालाही नाही. आवाज चढत गेला, स्वच्छ, एकसंध, कुठेही न अडखळता, आणि टर्नर सीटला चिकटून बसला. लॅपटॉपवर दोन्ही रेघा एकीवर एक पडून एकच झाल्या होत्या. भिंगरीने भरलेला प्रत्येक आकडा, त्याने आवळलेला प्रत्येक सांधा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

पुढच्या वळणावर टर्नरने गाडी कडेला घेतली, आणि तिथे नाजूकने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हवा तेवढा वेळ बसू दिलं.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. बायको जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्याच्या पावलांचा आवाज ऐकून तिचे हात थांबले, पण तिने वर पाहिलं नाही.

"काय निघालं?"

रस्ताभर त्याने वाक्यं जुळवली होती. एक भाग खराब निघाला, असं म्हणता आलं असतं. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तिचंही समाधान झालं असतं. टर्नर तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे दुखत होते तरी मांडी घातली.

"त्याचं काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "माझं चुकलं होतं. आणि त्याला ते माहीत होतं."

आता तिने वर पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, आणि ती नजर मऊ नव्हती.

"नीट सांगा. पहिल्यापासून सांगा. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगा."

त्याने सांगायला सुरुवात केली. दोन रेघा सांगितल्या, टाकीतला पंप सांगितला, कारखान्यातली दुपार सांगितली, ते काळं सांगितलं.  जुनीच वाटी परत का टाकली ते भिंगरीने नाजूकला सांगितलं, इथवर येऊन मात्र टर्नर थांबला.  तो मान खाली घालून बसला. तिने पाणी आणलं नाही, असू द्या म्हटलं नाही. लेकाचा शर्ट मांडीवर घेऊन ती त्याच्यासमोर बसून राहिली, तो पुढचं सांगेपर्यंत.